मागच्या दारातली झडप

दिवेलागणीला आई पुढचं दार उघडते आणि मागचं लावून घेते. पण मागच्या दारात खाली आता आमच्या इवल्याशा झिपरी कुत्रीसाठी सुताराने बसवलेली झडप आहे. "मुक्या जिवालाही कोंडू नये," असं भांडून मीच ती करवून घेतली. झिपरी कुणाची मिनतवारी न करता परसात जाते, याचा मला अजूनही अभिमान वाटतो.

"बाई गं, कोण बाहेर चाललंय अन् कोण आत येतंय, ते झडपेला कळतं का?" आई विचारते.

पलीकडच्या उसात बिबट्या दिसल्यापासून मी रोज संध्याकाळी झडपेसमोर बसते. मोकळीक मागणाऱ्याने पहाराही द्यायला हवा.

आज वारा पडलेला होता. तरी झडप हलली, आणि झिपरी तर माझ्या मांडीवर होती.