दोघांच्या नावाची पाटी

सक्करदऱ्यातल्या आमच्या गॅरेजात एका जुन्या कारचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आलं होतं. त्यातले इंधन जळायचे चारही खळगे सारख्या मापाचे करायचे होते. मोजायची काचेची नळी परवडेना, म्हणून मी मेडिकलमधून सिरिंज आणली. खळग्यावर मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण ग्रीसने चिकटवलं आणि त्याला पाडलेल्या भोकातून सिरिंजने डिझेल भरलं. एकाच खळग्याचं दर वेळी माप वेगळंच! मी नवऱ्यावर खेकसले.

"माह्यावर काहून चिडून राहिली वं? झाकण वाकून राहिलं," तो म्हणाला.

मग त्याने दारावरची आमच्या दोघांच्या नावाची जाड, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पाटी उतरवली. स्वतःच्या नावाचा तुकडा कापला, अक्षरं खरवडली, भोक पाडलं आणि तो झाकणाच्या जागी चिकटवला. आता कितीदाही मोजा, माप तेच.

उरलेली पाटी त्याने पुन्हा दारावर ठोकली. तिच्यावर फक्त माझं नाव आहे.