नलूताईचा डावा हात

नलूताईची आणि माझी शेवटची भेट तिच्या रत्नागिरीच्या घरी झाली. उशीला टेकून बसली होती. "शेडमधला हात वाळलाय रे. भट्टी तू लाव." मी म्हटलं, "मी?" "तूच. फक्त भोक बुजवू नको हो," म्हणाली आणि हसली... आठ दिवसांनी ती गेली. त्याला आता दीड महिना झाला.

नलूताई माझी चुलत बहीण, शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीनंतर तिने परसात विजेची भट्टी बसवली आणि माणसांची अंगं मातीत घडवून भाजायला लागली. मासे विकणारीचा खांदा, पोस्टमनची पोटरी. चेहरा कधीच नाही. "चेहरा केला की लोक म्हणतात, नाक चुकलं. पोटरीवरून कोण भांडतंय?" मी मापं घ्यायला जायचो. माती वाळून, भाजून दहा टक्के आकसते. तो हिशेब मला आवडायचा.

आडाळीवर बसून नारळ खवणाऱ्या माझ्या आईची पाठ तिने केली. ती वाळेपर्यंत आई गेली. भाजायच्या आदल्या दिवशी मला तळाशी पेन्सिलीएवढं भोक दिसलं. वाटलं, नजरचुकीने राहिलं. न विचारता ओली माती भरून गुळगुळीत केलं. ती आतल्या वाफेची वाट होती. भट्टी उघडली तेव्हा आईच्या पाठीचे सदतीस तुकडे झाले होते.

नलूताईने तळाचा तुकडा उचलला, माझ्याकडे पाहिलं, आणि घरच्यांना सांगितलं, "माझीच भट्टी घाईने तापली." मग तीन महिने खपून तिने ती पाठ पुन्हा केली. मी मापांची वही पुढे केली, तर म्हणाली, "ठेव ती. काकूच्या पाठीला मी तेल लावलंय." मानेखालचा उंचवटा वहीत नव्हता, पाठीवर तो बरोबर आला. खरं काय झालं, ते मी आज पहिल्यांदाच सांगतोय.

शेडमधला हात तिचा स्वतःचाच होता, डावा, उजव्याने घडवलेला. मनगटातलं भोक मी विणायच्या सुईने चार वेळा तपासलं. भट्टी गार होईस्तोवर दोन दिवस दार उघडलं नाही. हात अख्खा निघाला. एकोणीस सेंटीमीटरचा सतरा झाला होता. तिचा खरा हात मी कधी मापला नव्हता... सतराच असणार.

तो आता आमच्या खिडकीत आहे. परवा पुसताना बायको म्हणाली, "मुंग्या घर करतील हो यात. बुजवून टाका ना ते भोक."

म्हटलं, "करू देत."