होकारापुरते उरलेले बंडूभाऊ

खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीत बंडूभाऊ घार्गे यांचा व्यवसाय नेमका कोणता, हे फार थोड्यांना ठाऊक होते. ‘कॉम्प्युटरमध्ये आहेत’ एवढ्यावर लोकांचे समाधान होई, आणि स्वतःविषयी अधिक बोलणे त्यांच्या प्रकृतीत नव्हते. नवी मुंबईत दिघ्याच्या औद्योगिक पट्ट्यातील एका डेटा सेंटरमध्ये ते सर्व्हर सिद्ध करीत. नवा सर्व्हर येतो तेव्हा त्याच्या अंगी केवळ सामर्थ्य असते, कर्म नसते. एकाच सर्व्हरवर अनेकांची कामे परस्परांना धक्का न लावता चालावीत म्हणून प्रत्येक काम एका बंदिस्त डब्यात ठेवतात. ते डबे उघडणारी, चालवणारी आणि मिटणारी जी प्रणाली, तिला कंटेनर रनटाइम म्हणतात. ती एकेका सर्व्हरवर बसवणे हे बंडूभाऊंचे काम.

ते काम ते पूजेच्या क्रमाने करीत. आधी जुन्या आवृत्तीचे अवशेष काढायचे, मग नवी प्रणाली खऱ्या ठिकाणाहूनच आली आहे याची खातरजमा करायची, ती बसवायची, सुरू करायची, आणि शेवटी एक लहानसा डबा चालवून पाहायचा. पडद्यावर त्याचे उत्तर उमटले की ते हलकेच म्हणत, “चला, बोलला.” तान्ह्या मुलाने पहिला शब्द उच्चारावा तसे ते कौतुक असे.

तरुणपणी साताऱ्याकडून येऊन त्यांनी पावणे गावातल्या एका कारखान्यात धातू कातणारा लेथ चालवला होता. तो कारखाना बंद पडल्यावर संसार सांभाळून ते नवी विद्या शिकले. विद्या बदलली, पण वृत्ती कारागिराचीच राहिली. खंडेनवमीला लेथची पूजा करून तो दसऱ्यापर्यंत थांबवायचा, ही त्या कारखान्याची रीत त्यांनी डेटा सेंटरातही नेली. त्या दिवशी ते कीबोर्डवर कुंकवाची बोटे ओढत, झेंडूची फुले वाहत आणि त्याला हात लावीत नसत. त्या दिवसाचे नवे सर्व्हर दुसऱ्या दिवशी सिद्ध होत. ग्राहकांना याचा कधी पत्ताही लागला नाही, कारण कामाचा दिवस ठरवणे बंडूभाऊंच्याच हाती होते.

मग सर्व्हरांची संख्या हातांना आवरेना. विभागप्रमुख रंजिता मॅडम यांनी ही सारी कृती स्वयंचलित करण्याचे काम धनेशवर सोपवले. धनेश पावणे गावचा भूमिपुत्र. बंडूभाऊंच्याच हाताखाली घडलेला. भाऊ जे हाताने करीत, ते त्याने ओळीओळीने संगणकाला शिकवले. ग्राहकाची मागणी आली की सर्व्हर आपोआप जागा होई आणि प्रणाली आपोआप बसे. पहिली चाचणी यशस्वी झाली तेव्हा भाऊंनी टाळी वाजवली आणि मग खुर्चीत मागे टेकून विचारले, “म्हणजे आता आमची सुट्टीच की रे?”

“काय भाऊ! तुमी टेन्शन नका घेऊ. मी हाय ना.”

“तू आहेस तेच तर टेन्शन आहे. चांगलं शिकवलं तुला, भोगतोय आता.”

दोघेही हसले. पण धनेशला ठाऊक होते की ज्याच्यापाशी काम उरत नाही, त्याची खुर्चीही उरत नाही, आणि पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरी खुर्ची कोणी देत नाही. म्हणून त्याने त्या आज्ञावलीच्या अखेरीस एक पायरी ठेवली. सारे बसवून, तपासून झाल्यावर यंत्र थांबे आणि एका माणसाचा होकार मागे. त्या होकाराची वस्तुतः काहीच गरज नव्हती. चाचणी यंत्रानेच केलेली असे. हा होकार पुढे कोणी सहज काढून दुसऱ्याकडे देऊ नये म्हणून धनेशने तो केवळ बंडूभाऊंच्या नावाने बांधला. मॅडमना त्याने कारण सांगितले, सुरक्षिततेचे. त्यांनी मान्य केले.

भाऊंच्या ध्यानात सारे आले होते. एक दिवस बायकोने दिलेला जेवणाचा डबा उघडताना ते एवढेच म्हणाले, “धनेश, वैजयंतीनं तुला पुरणपोळी दिलीये. का दिली ते विचारू नकोस.”

त्यानंतर ते रोज येत, पडद्यावरचा अहवाल पहिल्या ओळीपासून वाचत आणि मगच होकार देत. होकारापुरतेच उरले होते, पण उरले होते.

मग खंडेनवमी आली. सकाळी भाऊंनी नित्याप्रमाणे कीबोर्ड पुसला, कुंकू लावले, फुले वाहिली, सहकाऱ्यांना पेढे वाटले. थोड्या वेळाने फोनवर सूचना आली की नवे सर्व्हर होकाराच्या प्रतीक्षेत आहेत. त्यांनी ती वाचली आणि फोन ठेवला. आजवर नवमीचे सर्व्हर दसऱ्यापर्यंत थांबत आलेच होते. परंतु आता काम केव्हा आरंभायचे ते यंत्र ठरवीत होते, आणि यंत्राच्या पंचांगात नवमी नव्हती. धनेशने सारे काही त्याला शिकवले होते, हे तेवढे शिकवायचे राहिले. ते इतके सवयीचे होते की शिकवावे लागते हेच त्याला सुचले नाही.

ते सर्व्हर एका परीक्षासंस्थेने मागितले होते. तिची प्रवेशपत्रे त्या दिवशी निघाली होती. सहस्रावधी मुले एकाच वेळी येऊन धडकली आणि जुने सर्व्हर कोलमडले. नवे सर्व्हर सर्वार्थाने सज्ज होऊन एका शब्दासाठी उभे होते. तो शब्द दुसऱ्या कोणाला उच्चारता येत नव्हता. ती बांधणी सोडवू शकणारा धनेश गावात देवीच्या उत्सवात होता. ढोलताशांत त्याला फोन ऐकू आला नाही.

दुपारी रंजिता मॅडम स्वतः धावत आल्या. “घार्गे, अहो, तुमच्याकडे अडलंय सगळं!”

भाऊ उठले. फुले त्यांनी ओंजळीने बाजूला केली, कीबोर्डला नमस्कार केला आणि कुंकवाने माखलेल्या कळांवर होकार दिला. क्षणार्धात सारे सुरळीत झाले. त्यांच्या बोटांना लागलेले कुंकू पुसण्याचे मात्र त्यांना सुचले नाही.

दसऱ्यानंतर चौकशी बसली. मॅडम कठोर नव्हत्या. त्यांनाही वर उत्तर द्यायचे होते.

“धनेश, ही स्टेप काढली तर काय बिघडतं?”

“काय नाय बिघडत, मॅडम,” धनेश खाली पाहत म्हणाला.

“मग ठेवली कशाला होती? आणि एकट्या घार्गेंच्याच नावावर?”

धनेशने मान वर केली, तोच भाऊ म्हणाले, “मी हट्ट धरला होता, मॅडम. त्याचा नाइलाज होता. सिनियर म्हणून माझं ऐकलं त्यानं.”

“भाऊ, तुमी कशाला—”

“तू गप रे. मोठी माणसं बोलतायत.”

ती पायरी काढण्याचे काम धनेशलाच करावे लागले. भाऊ त्याच्या शेजारी बसून होते. धनेशचा हात थांबला तेव्हा त्यांनीच नेमकी ओळ दाखवली. “हीच ना? काढ. आणि एकदा चालवून बघ, अर्धवट नको सोडू.” चाचणी झाली. कोणाला काही न विचारता सर्व्हर सिद्ध झाला. या वेळी ‘बोलला’ असे कोणी म्हणाले नाही. महिना संपता संपता कंपनीने भाऊंना निरोप दिला.

दिवाळीत धनेश खांदेश्वरला फराळाला आला. वैजयंतीबाईंनी फराळाच्या बश्या पुढे केल्या आणि त्या आत गेल्या. बराच वेळ सोसायटीच्या पाण्याविषयी, पावण्याच्या रस्त्याविषयी बोलणे झाले. मग भाऊंनी चकलीचा तुकडा मोडत सहज विचारल्यासारखे विचारले, “कुठं अडतं का रे काही?”

धनेशने त्यांच्याकडे पाहिले. ‘अडतं’ एवढ्या एका शब्दाने त्याला त्या घरात दिवाळी आणता आली असती.

“नाय, भाऊ. कुठंच अडत नाय.”

“बरं झालं,” भाऊ म्हणाले. “चांगलं बांधलंस.” आणि बशीत उरलेला तो तुकडा ते कितीतरी वेळ तसाच बोटांनी फिरवत राहिले.