अ‍ॅव्हरेज घसरलं त्या वर्षी

आमच्या बाबांना कुणी "कसे आहात?" विचारलं, तर ते गाडीचं अ‍ॅव्हरेज सांगत. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. रविवारी सकाळी उज्जैनच्या फ्रीगंजात, टॉवर चौकाच्या जरा अलीकडे, पोहे-जिलबी खाऊन झाली की छोट्या गाड्यांचे मालक आपापल्या बॉनेटला टेकून उभे राहत. "क्या एवरेज दे रही है?" हा तिथला नमस्कार होता. अठरा म्हणणारा खाली बघून म्हणे, वीस म्हणणारा जिलबीचा आणखी एक तुकडा मागवी. त्याच्या पुढे जाणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नसे, पण तोंडावर तसं म्हणतही नसे.

बँका गाडीसाठी कर्ज द्यायला लागल्या होत्या असे ते दिवस. ज्या घरांत स्कूटर हीच चैन होती त्या घरांच्या दारात चारचाकी आल्या. बाबा स्वतः बँकेत. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कर्जांवर सह्या करून निवृत्तीच्या तोंडावर त्यांनी आपली गाडी घेतली. पांढरी, छोटी, तीन सिलिंडरची. तिच्याविषयी ते ज्या सुरात बोलत, त्या सुरात माझ्या एम.ए.विषयी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी तेव्हा इथल्याच एका शाळेत शिकवत होते, घरीच राहत होते आणि गाडी चालवायलाही शिकले होते, पण किल्ली क्वचितच मिळे.

या रविवारच्या पंचायतीत बाबांचे खरे प्रतिस्पर्धी एकच, भैरवगढच्या छापाच्या चादरींचा व्यापार करणारे एक सेठजी. त्यांनी नव्या परदेशी कंपनीची उंच गाडी घेतली होती, तिच्यात कार्बोरेटर नव्हता, सगळा कारभार कॉम्प्युटरकडे. बाबा म्हणत, "आमची गाडी रस्त्यात थांबली तर इंदूरच्या वाटेवरच्या सांवेरचा कोणताही मिस्त्री पेचकसानं उघडून चालू करून देईल. तुमची थांबली तर इंदूरपर्यंत ओढत न्यावी लागेल." त्यावर सेठजी शांतपणे म्हणत, "साब, रुकेगी तब ना. रुकती ही नहीं है." दर रविवारी हाच वाद, जवळपास याच शब्दांत. दोघांनाही तो संपायला नको होता.

अ‍ॅव्हरेज काढायची बाबांची रीत अशी, की टाकी काठोकाठ भरायची, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. यात सगळी मदार त्या काठोकाठवर. म्हणून पंपावर नळी आत असतानाच बाबा खाली उतरून गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवत, आतली हवा निघून आणखी घोटभर पेट्रोल मावावं म्हणून. उज्जैनमध्ये तसं करणारे ते एकटे नव्हते. पण आत बायकोला बसवून हलवणारे बहुधा एकटेच असावेत. आई आतून म्हणे, "पेट्रोल हलवा, मला कशाला हलवताय?"

बाबा निवृत्त झाले आणि मग आई आजारी पडली. कर्करोग. उपचार इंदूरला, दर पंधरवड्याला सलाईनमधून औषध द्यायचं. पहिल्या वेळी आम्ही देवास गेटच्या स्टँडवरून बसनं गेलो आणि येताना आईचे जे हाल झाले, ते बघून बाबा स्टँडवरच म्हणाले, "आता बस नाही. गाडी कशासाठी घेतलीय?" त्या दिवसापासून तिला नेणं-आणणं हे बाबांचं काम झालं. डॉक्टरांना आजार कळत होता, मला स्वयंपाकघर सांभाळता येत होतं, आईला सोसता येत होतं. बाबांना या सगळ्यात करण्यासारखं एवढंच होतं, आणि ते त्यांनी नोकरी करावी तसं केलं. आदल्या दिवशी हवा, पाणी, ऑइल बघायचं. मागच्या सीटवर उशी ठेवायची. पंपावर गाडी हलवणं त्यांनी बंद केलं. ते बंद झालेलं पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर अ‍ॅव्हरेज घसरलं. वीसवरून सोळा, एकदा तर पंधरा. एरवी हा चेष्टेचा विषय झाला असता, पण आता प्रश्न पेट्रोलचा नव्हता. बाबा म्हणाले, "इंजिन आतून जातंय. सांवेरच्या पुढे कुठे उन्हात बंद पडलं, आणि ही मागे झोपलेली असली तर?" ऐकून सगळी पंचायत गंभीर झाली. प्लग बदलले. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. कुणी म्हणालं ब्रेक चिकटतायत, चाकं वर उचलून फिरवून पाहिली. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळतात, पंप बदलला. विचित्र गोष्ट ही, की एखाद्या खेपेला अ‍ॅव्हरेज पुन्हा जागेवर येई आणि पुढच्या खेपेला धाडकन पडे. "इंजिन बिघडलं असतं तर रोज बिघडलेलं असतं," बाबा म्हणत, "हे काय मूडवर चालतं का?"

आणि गंमत म्हणजे आवाजाबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. उलट एका रविवारी गाडी चालू करून सगळ्यांना म्हणाले, "आवाज ऐका. पूर्वीपेक्षा किती शांत झालीय. लोणच्यासारखं मुरलंय इंजिन." इंजिन नेहमीसारखंच खडखडत होतं. लोक हसले, त्यांना वाटलं बाबा मस्करी करतायत. सेठजी तेवढे हसले नाहीत. ते किल्ली मागून घेऊन एकटेच देवास रोडला दूरवर चक्कर मारून आले, जाताना-येताना टाकी काठोकाठ भरून घेतली, हिशेब केला, आणि बाबांना म्हणाले, "गाड़ी में कुछ नहीं है, साब. बीस दे रही है." मग मी घरी न्यायचा पोह्यांचा डबा घेऊन बाजूला उभी होते तिथे आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बेटी, एक बार तुम साथ में चली जाओ इंदौर. आगे बैठना."

मी शाळेतून रजा घेतली. आईला त्या दिवशी बसवत नव्हतं, ती मागे आडवी झाली. मी पुढे बसले. गाव संपलं, रस्ता मोकळा झाला आणि गाडी तिसऱ्या गियरमध्ये किंचाळायला लागली. मला वाटलं आता बदलतील. बदलला नाही. पुढे दोन्ही बाजूंना सोयाबीनची शेतं सुरू झाली तरी इंजिन तसंच रडत होतं आणि बाबा अगदी प्रसन्न चेहऱ्यानं समोर बघत होते. मी म्हटलं, "बाबा, गियर." काही नाही. पुन्हा म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, "हो, हवा छान आहे आज."

तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला. लांबलचक, कान फाटेल असा. बाबा रस्त्याच्या मधोमधच. मागून आईचा हात आला, त्यांच्या डाव्या खांद्यावर दोनदा टेकला, आणि बाबांनी सवयीनं गाडी डावीकडे घेतली. ट्रक निघून गेला. मग तोच हात एकदा टेकला, आणि बाबांनी चौथा गियर टाकला. इंजिन निवलं.

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. अख्ख्या फ्रीगंजानं ज्या बिघाडासाठी गाडीचा स्क्रू न् स्क्रू उघडला, तो गाडीत नव्हताच. आई पुढे बसू शकली त्या खेपेला अ‍ॅव्हरेज वीस. मागे झोपली, डोळा लागला, त्या खेपेला पंधरा. मला एकाच वेळी रडू आलं आणि संतापही आला. कुणाचा संताप ते कळत नव्हतं.

"केव्हापासून?" मी मागे वळून हळूच विचारलं.

"हळू बोलायची गरज नाही," आई म्हणाली. आणि मग आम्ही दोघी, बाबा हातभर अंतरावर बसलेले असताना, त्यांच्याविषयी बोललो. इतकं वाईट मला आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

आई म्हणाली, वर्ष तरी झालं. तोंडाकडे पाहिलं की त्यांना बरंचसं कळतं, जे कळत नाही त्याला मान डोलावतात. त्यांना स्वतःला ठाऊक नाही, त्यांना वाटतं लोकच हल्ली पुटपुटायला लागलेत.

"आई, रस्त्यावरच्या लोकांचं काय? तुझं काय? मी नेत जाईन तुला. किल्ली माझ्याकडे घेते."

"तू नेशील. मला ठाऊक आहे. पण मग हे काय करतील?" तिनं मानेखालची उशी वर ओढली. "मला नेतात म्हणून हे सकाळी उठतात, बेटा. त्यांचा हा सहारा काढू नकोस. मी आहे ना, मी पुढे बसत जाईन."

"तुला बसवत नाही."

"बसेन," ती म्हणाली.

इंदूरला डॉक्टरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो. डॉक्टर भला माणूस, आवाज अगदी मऊ, आणि वाईट गोष्ट सांगताना तो आणखी मऊ होई. समोरचे कागद बघत, मान खाली घालून, तो बाबांना उद्देशून बोलला. घरातला पुरुष म्हणून बाबांनाच. म्हणाला, औषधाचा आता उपयोग होत नाहीये, सलाईन बंद करू या, उगाच शरीराला त्रास. दुखण्यासाठी गोळ्या देतो. घरी आनंदात ठेवा.

बाबा मान डोलावत होते. "जी. जी डॉक्टर साब. बिल्कुल."

मी आईकडे पाहिलं. आई बाबांकडे बघत होती. तिनं आपल्याविषयीचं ऐकलं होतं, नीट ऐकलं होतं, पण त्या क्षणी ती फक्त एवढंच तपासत होती, की त्यांनी ऐकलं का. ऐकलं नव्हतं. तिचा चेहरा सैल झाला. मी तोंड उघडणार तोच तिनं माझं मनगट धरलं. त्या हातात एवढा जोर कुठून आला होता कोण जाणे.

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, "आज सलाईन नाही लावली?"

आई त्यांच्या समोर उभी राहून, शब्द स्पष्ट करत म्हणाली, "गरज नाही म्हणाले. आता नुसत्या गोळ्या. पंधरा दिवसांनी दाखवायला या."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. येताना आई पुढे बसली.

त्यानंतरही ते जात राहिले. मी प्रत्येक वेळी बरोबर जायचं म्हटलं तरी शाळा रजा देईना, आणि आईही म्हणे, "तू नको, आम्ही जातो." ती पुढच्या सीटवर बसे, पाठीला उशी, हात गियरच्या शेजारी. तिथे जाऊन गोळ्या घेत, दवाखान्यासमोर उसाचा रस पीत, परत येत. या जाण्यायेण्याचा तिच्या आजाराला काडीचाही उपयोग नव्हता आणि प्रत्येक खेपेनंतर ती दोन दिवस अंथरुणाला खिळे. मी भांडले. ती म्हणाली, "आत्ताच तर मला यांच्याबरोबर बाहेर जायला मिळतंय. बँकेत होते तेव्हा कुठे मिळालं?" मग मी भांडणं सोडून दिलं.

थंडीतल्या एका रविवारी बाबांनी पंचायतीला जाहीर केलं, की अ‍ॅव्हरेज जागेवर आलं. सलग वीस. वर म्हणाले, "आणि घरातही सुधारणा आहे. सलाईन बंद झाली, डॉक्टरांनी नुसत्या गोळ्यांवर आणलंय." सगळ्यांनी अभिनंदन केलं. सेठजींना खरं काय ते मी सांगितलं होतं. त्यांनी बाबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि वाद घालायची आयती संधी असूनही एवढंच म्हणाले, "मान गए साब, आपकी गाड़ी में दम है."

आई संक्रांतीनंतर गेली. दुपारी, घरात, झोपेत. तसं ती सांगूनच गेली होती, फक्त एका माणसाला सोडून.

भेटायला येणाऱ्यांसाठी बैठकीत सतरंजी घातली होती. बाबा भिंतीला टेकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगत, त्यांच्या आताशा चढलेल्या मोठ्या आवाजात, की अंगणापर्यंत ऐकू जाई. सांगत, की इतकी सुधारणा होती, सलाईनसुद्धा बंद झाली होती, गाडीत माझ्या शेजारी बसून येत होती. मग त्यांचा आवाज फाटे. "डॉक्टरांनी एका शब्दानं सांगितलं नाही हो. एका शब्दानं तरी सांगायला हवं होतं. मी काय करत होतो मग? तिला थकवत होतो नुसता."

तिसऱ्या दिवशी ते मला ऐकवेना. लोक उठून गेले होते, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी त्यांच्या बाजूला बसले होते, त्यांची नजर समोरच्या दारावर.

मी म्हटलं, "सांगितलं होतं, बाबा. तुमच्यासमोरच सांगितलं होतं. आणि तिला ते जाणं-येणं हवं होतं."

ते दाराकडेच बघत राहिले. त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मोठ्यानं म्हटलं असतं किंवा समोर जाऊन बसले असते, तर गेलं असतं. मी तशीच त्यांच्या शेजारी बसून राहिले.