स्कूटीत तेहतीस हवा

रविवारी सकाळी लातूरच्या एसटीतून आमची प्रज्ञा उतरली. मी दुकानातून उठणार, तेवढ्यात तिच्या मागोमाग विहीणबाई उतरल्या... बोलावलं नव्हतं.

प्रज्ञा माझ्या मुलाची मुलगी. लातूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकते आणि राहते तिच्या आईच्या आईकडे. विहीणबाई रिटायर झालेल्या विज्ञानाच्या बाई, घरात भिंतीवर पांढरा फळा. मी तिसरीतून शाळा सोडून घरी बसले ती बसलेच. लोह्याच्या स्टँडजवळ आमचं पंक्चरचं दुकान, नवरा गेल्यापासून मीच चालवते. (हे पण मी बोलते आणि मोबाईल लिहितो, चुका त्याच्या.)

पोरगी विहीणबाईंना नुसतं "आजी" म्हणते. मला "लोह्याची आजी" म्हणते. गावाचं नाव लागलं की माणूस लांबचं होतं... हे मी कोणाला बोलले नाही, आज लिहिते.

तर त्या दिवशी दुपारपर्यंत पोरगी माझी, असं मी ठरवलं होतं. वरणफळं केली होती. पण दोघी चहा पिऊन दुकानातल्याच बाकड्यावर वही घेऊन बसल्या. बुधवारी तोंडी परीक्षा होती म्हणे.

गणित काय, तर टायरचं. माझ्याच दुकानात बसून, मला सोडून.

टायरमध्ये तीस हवा आहे, वीस डिग्रीला. ऊन लागून टायर चाळीस डिग्रीला गेला तर हवा किती दाखवेल? त्याला आदर्श वायूचा नियम लावायचा. जागा तेवढीच राहिली आणि वायू तापला, की दाब वाढतो. इंजिनात हेच, माझ्या हवेच्या टाकीत हेच. मी विचारलं, आदर्श वायू मिळतो कुठं? प्रज्ञा म्हणाली, "कुठंच नाही गं, तसा आहे असं धरायचं." मी विहीणबाईंकडे बघितलं. आमच्या सूनबाई आपल्या आईला असंच धरून चालतात.

"वीसचे चाळीस, म्हणजे दुप्पट," विहीणबाई म्हणाल्या. "तीसची झाली साठ." पोरीने लिहून घेतलं.

मी पाना खाली ठेवला. म्हटलं, "साठ झाली असती तर मे महिन्यात ह्या रोडवर एक टायर राहिला नसता बाई. उन्हानं दोन-तीन वाढते, जास्त न्हाई."

"विहीणबाई, हे गणित आहे," त्या हसून म्हणाल्या. गोड आवाजात. मला तो आवाज सोसत नाही.

मी उठले. प्रज्ञाची जुनी स्कूटी दुकानात सावलीला उभी होती. तिच्या मागच्या चाकात मोजून तीस हवा केली आणि गाडी नेऊन उन्हात लावली.

जेवायच्या आधीच विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. डिग्रीत दोनशे त्र्याहत्तर मिळवायचे राहिले होते. आपल्या डिग्रीचा शून्य हा खरा शून्य नाही, त्याच्याही खाली लई थंडी असते म्हणे. पुन्हा गणित केलं, उत्तर बत्तीस. चूक स्वतःची, तरी पोरगी त्यांच्याकडेच कौतुकाने बघून राहिली.

वरणफळं खाऊन झाली. उन्हातल्या स्कूटीची हवा गेज लावून मोजली. काटा बत्तीस सोडून तेहतीसला टेकला.

"तुमचं गेज जुनं असेल," विहीणबाई म्हणाल्या.

मला बोला, सुनेला बोला, पण माझ्या गेजला बोलायचं नाही. मी खिळ्यावरची एक ट्यूब काढली, हवा सोडलेली. गेज लावलं. काटा शून्यावर. मग ट्यूब पोरीच्या हातात दिली आणि म्हटलं, "दाब. ह्यात हवा न्हाई का?"

ट्यूब जरा फुगीरच होती. काटा शून्य दाखवतो तेव्हा आतही हवा असते, बाहेर आहे तेवढीच. काटा फक्त वरची मोजतो. हे हवा भरणाऱ्याला माहीत असतं, सांगायला कोण येतं...

प्रज्ञाने वही ओढली. मग पटापट लिहायला लागली. तिसात बाहेरच्या हवेच्या दाबाचे पंधरा आधी मिळवले, गणित केलं, शेवटी पंधरा काढले. तेहतीस.

ती आधी कोणाकडे बघते, ते मी बघत होते. विहीणबाई पण तेच बघत होत्या. पोरगी वहीकडे बघत होती.

निघताना विहीणबाई म्हणाल्या, एवढी वर्षं शिकवलं, टायरला कधी हात नाही लावला, मला जरा भरू द्या. नळी तिरकी धरली, निम्मी हवा फुस्स. हात काळे. मी फडकं दिलं... स्वच्छ फडकंही होतं, ते नाही दिलं.

बुधवारी प्रज्ञाचा फोन आला. सरांनी तोच प्रश्न विचारला, पंधरा का मिळवायचे? हिने रिकाम्या ट्यूबचं सांगितलं. सर म्हणाले, कोणी शिकवलं? ही म्हणाली, माझ्या दोन्ही आज्यांनी.

दोन्ही. वाटून दिलं. मला सगळं हवं होतं, खोटं कशाला बोलू.

पण रिकाम्या ट्यूबचे उपकार आहेत, ती मी अजून विकली नाही. साठावरून बत्तीसवर विहीणबाईंनी आणलं. बत्तीसवरून तेहतीस मी केलं. एकच आहे... पण तेवढं एक माझं आहे.