भुरीचं स्टिअरिंग हलकं करणारे हमीद उस्ताद

पांढरकवड्याच्या हमीद उस्तादांची पहिली भेट झाली तेव्हा मला त्यांचे फक्त पाय दिसले. बाकी सगळं अंग एका मालट्रकखाली होतं. "कोण आहे?" असा आवाज आला. माझ्यासोबतचे गुलाबकाका म्हणाले, "तांड्यावरून आलो जी. स्टिअरिंगचं काम होतं." त्यावर गाडीखालून दुसरा प्रश्न आला, "चहा झाला का?"

उस्तादांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात त्यांच्या कारागिरीवर लिहिणारे माझ्यापेक्षा जाणते पुष्कळ आहेत. मी नववीत शाळा सोडली. तेव्हापासून जिनिंगमध्ये, जत्रांमध्ये, ट्रकवर, जिथं मन लागलं तिथं राहिलो. एका जागी बसून लिहिण्याची सवय नाही. पण भुरीची गोष्ट मीच सांगायला हवी, कारण तिच्यातली चूक माझी आहे.

भुरी म्हणजे काकांचा ट्रक. लष्कराच्या लिलावातून निघालेला, चारही चाकांना जोर असलेला, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचा. उन्हाळ्यात तिच्यावर टाकी लादून काका आमच्या तांड्याला आणि टेकडीवरच्या पोडाला, म्हणजे कोलामांच्या वस्तीला, पाणी पुरवतात. त्या चढावर ट्रॅक्टर घसरतो, भुरी चढते. मात्र तिचं स्टिअरिंग इतकं जड, की वळणावर काकांना सीटवरून अर्धं उठावं लागे. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा धरला. असंच चालवत राहिलात तर हात वर होणार नाही, असं यवतमाळच्या डॉक्टरांनी बजावलं. काकूंनी सरळ भंगारवाल्याला निरोप धाडला. तो शनिवारी दुपारी येणार होता. त्याआधी स्टिअरिंग हलकं झालं तर भुरी राहील, नाहीतर जाईल, असं घरात ठरलं. आम्ही उस्तादांकडे पोहोचलो तो सोमवार होता.

गाडी ओळखल्याशिवाय उस्ताद पाना हातात घेत नाहीत, हे इथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. मालक सांगेल ते ते ऐकून घेतात, पण मानतात स्वतःच्या बोटांचं.

"पावर स्टिअरिंग आहे जी हिच्यात," काका म्हणाले. "कमजोर झाली फक्त. मी दर महिन्याले तेल पाहतो."

बॉनेटखाली खरंच तेलाची एक टाकी होती आणि तिच्यातून जाड नळी खाली गेली होती. ती पाहून आधीच्या दोन मिस्त्रींनी तेल बदलून दिलं होतं.

"तेल किती कमी होते?" उस्तादांनी विचारलं.

"एक थेंब नाही! पक्कं काम आहे."

उस्ताद गालात हसले. त्यांनी इंजिन बंद ठेवून काकांना स्टिअरिंग फिरवायला लावलं, मग इंजिन चालू करून. "फरक वाटून राह्यला का?"

"नाही जी."

मग नळीवर बोट ठेवून ते गाडीखाली शिरले. सुकलेला चिखल खरवडत ते बोट पुढं सरकत गेलं आणि चॅसीपाशी थांबलं. नळीचं तोंड तिथं हातोडीनं ठोकून बंद केलेलं होतं. तेल ढकलणारा पंप नव्हताच. कधीतरी कोणीतरी पावरचा स्टिअरिंग बॉक्स काढून साधा बसवला होता, टाकी तेवढी तशीच राहिली होती.

"गुलाबभाऊ," बाहेर येत उस्ताद म्हणाले, "पावर आहे तुमच्या गाडीत. पण ते तुमच्या खांद्याची आहे."

काका हसले. मग खांद्यावर हात ठेवून त्या टाकीकडे पाहत राहिले. इतकी वर्षं तिच्यावर त्यांनी केवढा भरवसा ठेवला होता.

काय हवं ते उस्तादांनी तासाभरात ठरवलं. पंप त्यांच्याकडे होता, पट्टाही. पावरचा बॉक्स नागपूरच्या भंगार बाजारातून आणायचा होता. त्यांनी बेअरिंगच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर बॉक्सची चार भोकं आखली आणि खडूनं एक बाण काढला. माझं पायाला भिंगरी असल्यासारखं वागणं एव्हाना त्यांच्या ध्यानात आलं होतं. तेव्हापासून ते मला भवऱ्याच म्हणतात.

"हे पाह्य, भवऱ्या. भोकं जुळली पाह्यजेत. अन् दांडा डावीकडे फिरवला का आर्म या बाणाकडे गेली पाह्यजे. बाण इसरू नको."

दांडा स्टिअरिंगकडून बॉक्समध्ये येतो, आणि आर्म म्हणजे बॉक्सच्या बाहेरची लोखंडी भुजा, जी चाकांना वळवते.

मंगळवारी नागपुरात उतरलो तर रस्त्याकडेला एक पेंटर ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढत होता. डोळा कसा काढतो ते पाहायला थांबलो, तो पिसारा पुरा होईपर्यंत हललो नाही. बाजारात पोहोचलो तेव्हा दुकानदार शटर ओढत होता. चार भोकं जुळली, बॉक्स गोणीत घातला. बाण पाहायचा राहिला.

दोन दिवस खपून उस्तादांनी सारी जुळणी केली. काम झालं की गाडी लगेच जमिनीवर टेकवायची नाही, ही त्यांची दुसरी रीत. पुढची चाकं अधांतरी, मालक सीटवर आणि उस्ताद समोर उकिडवे.

"डावीकडे," उस्ताद म्हणाले.

काकांनी डावीकडे फिरवलं. एका बोटानं फिरावं इतकं हलकं! आणि चाकं उजवीकडे वळली.

शेजारचे टायरवाले हसून हसून लाल झाले. "गुलाबभाऊ, आता आरशात पाहून चालवत जा!"

मला मात्र पोडाचा चढ दिसत होता. एका अंगाला दरी, मागं भरलेली टाकी.

"हे असं काहून झालं जी?" काकांनी विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "चूक माझी झाली. बाण बारीक काढला म्या."

बाण बारीक नव्हता. वीतभर होता.

शुक्रवारी पहाटेच्या एसटीनं उस्ताद स्वतः माझ्यासोबत नागपूरला निघाले, सत्तरी ओलांडलेली असताना. गोणी माझ्या पायाशी होती. हिंगणघाटपर्यंत मी पायानं ती सावरत राहिलो. मग सांगून टाकलं, "उस्ताद, मी मोर पाहत बसलो होतो."

"चांगला होता का?"

"हाव."

"मंग येतानी मले दाखव. पयले बॉक्स."

बाजारात त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. "मी हात लावत नाही. तू फिरव." एक बॉक्स, दुसरा, तिसरा. प्रत्येक दांडा मी फिरवला, पुठ्ठा शेजारी धरला. पाचव्याची आर्म बाणाकडे गेली. दुकानदारानं कुरकुरत बदलून दिला. परतताना मोर पाहिला. ट्रक अजून तिथंच उभा होता. उस्ताद फाळक्यापाशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "डोळा तिरपा आहे." मी बॉक्स पारखण्यात आणि ते मोर पारखण्यात, दोघंही पक्के निघालो.

शनिवारी दुपारी भंगारवाला साखळदंड घेऊन हजर झाला. काकूही आल्या होत्या. उस्तादांनी भंगारवाल्याला बाकावर बसवून चहा दिला. "मालकाले एक चक्कर मारू द्या, मंग काय ते बोला." बॉक्स रात्रीतूनच बसवला होता, आणि चाकं अधांतरी असताना डावं डावीकडे, उजवं उजवीकडे पाहून झालंच होतं. काकांनी मुद्दाम दुखरा हात स्टिअरिंगवर ठेवला. भुरी आवारात पुरी फिरली आणि हायवेकडे तोंड करून उभी राहिली. काका सीटवरून उठले नव्हते.

"दुखून राह्यलं का?" काकूंनी खालून विचारलं.

"नाही."

"खरं सांगा."

"नाही म्हणतो ना व!"

काकू भंगारवाल्याकडे वळल्या. "भाऊ, चहा पुरा घेऊनच जा."

त्यानंतरचे चारही उन्हाळे पोडावर पाणी भुरीनंच नेलं. माझी चूक उस्तादांनी आजवर कोणाला सांगितलेली नाही. आज ती मीच छापून टाकतो आहे. मी अजूनही एका गावी टिकत नाही, पण कुठंही कुठलंही काम हाती आलं की आधी बाण पाहतो. तो पुठ्ठा माझ्या पिशवीत आहे.

सत्काराच्या दिवशी उस्तादांना भुरीतूनच आणायचं ठरलं आहे. चालवणार काका. उस्तादांची एकच अट आहे, निघण्याआधी ते स्वतः गाडीखाली शिरून सारे नट पाहणार. नवे कपडे घालून शिरू नका म्हटलं, तर ऐकत नाहीत. तेव्हा आम्हा सर्वांची दुआ एवढीच, की आणखी पुष्कळ वर्षं उस्तादांना असंच गाडीखाली शिरता यावं, दर वेळी हसत बाहेर येता यावं, आणि नव्या माणसाला गाडीखालून तोच प्रश्न ऐकू यावा, "चहा झाला का?"