ओट्यावरची नीळ

चहा घ्या, पण कप जरा इकडे ठेवा. त्या निळ्या डागावर नको. नाही हो, निघत नाही तो. माझ्या बायकोचं, मुग्धाचं, लिंबू, सोडा, ब्रश, सगळं करून झालं. आमच्या बाईसाहेब म्हणतात, हा डाग म्हणजे मी खाल्लेल्या मातीचं स्मारक आहे. आणि तुमच्यापासून काय लपवू, आहेच!

तर झालं असं. मी मकरपुऱ्याला एका पंपाच्या कंपनीत डिझाइनला आहे, ते तुम्हाला माहीत आहे. बारा वर्षं कॉम्प्युटरवर पंप काढतोय. घरी बाबा. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये छत्तीस वर्षं फिटर होते. बाबांचं बोलणं मोजकं आणि शाबासकी त्याहून मोजकी. माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला तो एकदाच, दहावीत असताना. पास झालो म्हणून नाही हं! सायकलचं चाक न डुगडुगता बसवलं म्हणून.

त्यानंतर मी इंजिनिअर झालो, कंपनीत चार माणसं माझा सल्ला घ्यायला लागली, पण पाठ कोरडीच. मी आपला मधूनमधून म्हणायचो, "बाबा, आता हातांचे दिवस गेले. सगळं स्क्रीनवर होतं." ते नुसते "हं" म्हणायचे.

एका सोमवारी आमचे साहेब हसमुखभाई एक लोखंडी झाकण घेऊन आले. एका कारखान्यातल्या जुन्या पंपाचं होतं, कान तुटलेला. पंप बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली, ड्रॉइंगचा पत्ता नाही. त्या पंपातून जातं ॲसिड! झाकण नाही म्हणून तिकडे अख्खं काम ठप्प.

"मंदारभाई, शनिवारे नवुं ढांकण जोइए," साहेब म्हणाले. "आ काम सरस करी आपो, पछी डिपार्टमेंट तमारुं."

शनिवारी नवं झाकण दिलं की डिपार्टमेंट माझं! मी तिथल्या तिथे दोन इंच उंच झालो.

काम तरी काय? झाकणाचं आणि पंपाच्या भागांचं स्कॅन करून आणलं. आता असेंब्ली करायची, म्हणजे कॉम्प्युटरवर पंपाचे सगळे सुटे भाग जागच्या जागी बसवायचे. मग झाकणाच्या आतल्या बाजूवर स्केच काढायचं, म्हणजे आखणी करायची. पंपाला जिथे भोकं आहेत तिथेच झाकणावर आठ गोल. तासाभराचं काम हो! मी बाजू निवडली, 'स्केच' दाबलं. आणि समोर चौकट आली: 'निवडलेली बाजू सपाट नाही. सपाट बाजू निवडा.'

मी हसलो. समोर ताटासारखी सपाट बाजू दिसतेय आणि हा म्हणतो सपाट नाही! चौकट बंद केली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? चौकट वाचली असती. मी काय केलं? कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मंगळवारी अख्खी असेंब्ली मोडली आणि दोनशेच्या वर भाग एकेक करून पुन्हा बसवले. पंपाच्या अंगावर स्केच होतंय, पायावर होतंय, आणि झाकणावर? 'सपाट बाजू निवडा.'

बुधवारी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. अहमदाबादहून एक मुलगी बोलली. आवाजावरून नुकतीच कामाला लागलेली वाटली.

"सर, जो फेस आप ले रहे हो, वो फ्लॅट तो है ना?"

पहिलाच प्रश्न, बरं का! आणि मी? मी त्या पोरीला वीस मिनिटं झापलं. "मॅडम, बारह साल से ये काम कर रहा हूँ, फ्लॅट क्या होता है मुझे मत सिखाओ!"

"जी सर," ती म्हणाली. बिचारीने तक्रार लिहून घेतली.

गुरुवारी माझ्या सांगण्यावरून ऑफिसचा कॉम्प्युटर फॉरमॅटला गेला. मीच साहेबांना म्हटलं, "स्कॅनच गंडलंय. मी ती बाजू उडवतो आणि त्या जागी साधी सपाट बाजू टाकतो. उद्या ड्रॉइंग तुमच्या टेबलावर." साहेब म्हणाले, "तमे कहो एम." मी म्हणेन तसं! माझ्यावर केवढा विश्वास! मी ते आठ किलोचं झाकण स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि लॅपटॉपवर काम उरकायला भर दुपारी घरी आलो.

झाकण इथेच ठेवलं, या ओट्यावर. बाबा पाणी प्यायला आले. त्यांनी झाकण उलटं केलं, डोळे मिटले आणि आतल्या बाजूवरून सावकाश तळहात फिरवला. एकदा आडवा, एकदा उभा.

"खोलगट आहे," म्हणाले.

माझ्या अंगातला इंजिनिअर कुठला गप्प बसतोय! "कसं शक्य आहे बाबा? दिसतंय की सपाट."

"दिसतंय ना. आहे कुठे?"

"किती खोलगट?"

बाबांनी पुन्हा हात फिरवला. "दोन पोस्टकार्डं जातील एवढं."

मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. कपड्यांच्या निळीची पुडी काढली, खोबरेल तेलात कालवली आणि ओट्यावर बोटांनी पातळ सारवायला घेतली. आतून मुग्धा धावत आली. "अहो बाबा, हे काय करताय! माझा ओटा!"

"ओटा सपाट आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "बसवताना मिस्त्रीला दोनदा काढायला लावला होता."

निळीवर त्यांनी झाकण पालथं ठेवलं, इकडून तिकडे जरासं घासलं, उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

काय सांगू! कडेला गोल निळं कडं. बांगडीसारखं, कुठे तुटलेलं नाही. आणि मधे? निळीचा एक ठिपका नाही. कोरंच्या कोरं लोखंड!

मी लॅपटॉप उघडला आणि स्कॅनमध्ये मोजलं. मधली खोली शून्य पॉइंट चार मिलिमीटर. बाबांच्या खणात जुनी पोस्टकार्डं होती, त्यातली दोन एकावर एक धरून मोजली. शून्य पॉइंट चार! हो, बरोब्बर तेवढीच! मी त्या हाताकडे बघतच राहिलो. तोच हात रोज वरणात लिंबू पिळतो, आणि मी त्याला सांगत होतो की तुझे दिवस गेले!

"झिजलं असेल," मी चाचरत म्हटलं.

"झिजलं असतं तर एकीकडे जास्त, एकीकडे कमी झालं असतं. हे चौफेर सारखं आहे. मुद्दाम केलंय." बाबांनी निळ्या कड्यावर बोट टेकवलं. "बोल्ट आवळले की सगळा जोर या कडेवर येतो. मग थेंब बाहेर येत नाही. सपाट केलं तर गळेल."

गळेल म्हणजे? ॲसिड, राजे हो, ॲसिड! त्या पंपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर! आणि ती सपाट बाजू मी संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हाताने काढणार होतो.

"पण बाबा, खोलगट जागेवर आखणी करायची कशी?"

"कडेवर काच ठेवायची. काचेवर आखायचं."

अहो, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सोय आहे! कडेला टेकणारं एक काल्पनिक सपाट पान घ्यायचं आणि त्यावर स्केच काढायचं. पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी तसं पान घेतलं, 'स्केच' दाबलं. उघडलं! तीन दिवस अडलेलं काम चहा निवायच्या आत झालं. आठच्या आठ गोल पंपाच्या भोकांवर चपखल.

बाबा मागे उभं राहून बघत होते. म्हणाले, "तीन दिवस हे अडलं कशाने?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी ती चौकट काढून दाखवली आणि मराठीत वाचली. निवडलेली बाजू सपाट नाही.

बाबांचे डोळे विस्फारले. "हे त्याने सांगितलं? कधी?"

"सोमवारी. आणि मग तीन दिवस सांगतच होता."

"याला हात नाहीत, तरी कळलं?" बाबा लॅपटॉपकडे असे बघत होते की मी जन्मलो तेव्हाही माझ्याकडे त्यांनी तसं बघितलं नसेल. "दोन पोस्टकार्डांचा फरक! मला हे कळायला वीस वर्षं घासावं लागलं रे."

ते पुढे झाले. हात वर गेला. आणि मला कळलं, आता शाबासकी येणार! काम तर झालं होतं ना? मी मान खाली घालून पाठ जरा पुढे केली. खरंच केली, हसू नका.

बाबांनी लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली.

"हुशार आहे," म्हणाले. "ऐकत जा त्याचं."

शनिवारी झाकण बसलं. मधे खोलगट, कडेला घट्ट. थेंब गळला नाही. हसमुखभाईंनी पेढे वाटले, डिपार्टमेंट माझ्या हाताखाली दिलं. अहमदाबादच्या त्या मुलीला मी स्वतः फोन करून माफी मागितली. ती पुन्हा "जी सर" म्हणाली, पण या वेळी हसली.

आता मीटिंगमध्ये मी लॅपटॉप उघडला की समोरच्यांना झाकणावर पाच निळ्या बोटांचा ठसा दिसतो. नवी मुलं विचारतात, "सर, आ शुं छे?"

मी सांगतो, माझ्या वडिलांची शाबासकी आहे. कुणाला मिळाली, ते अजून कुणी विचारलेलं नाही.